परदेशी अध्ययनदौरे : गुरुजनांचे दायित्व

वाल्मीकि रामायणाच्या बालकांडात एक प्रवास आहे. विश्वामित्र ऋषी दशरथाच्या दरबारात येतात आणि यज्ञरक्षणासाठी रामाची मागणी करतात. सोळा वर्षेही पूर्ण न झालेला मुलगा राक्षसांच्या प्रदेशात धाडायचा, या कल्पनेनेच राजा गलितगात्र होतो. मीच सैन्य घेऊन येतो, असेही तो म्हणून पाहतो. अखेर वसिष्ठ त्याची समजूत घालतात ती मुख्यतः एका आधारावर. मुलाला नेणारा कोण आहे, ते पाहा. अयोध्येबाहेर पडल्यावर शरयूच्या तीरी विश्वामित्र पहिला पाठ देतात तो बला आणि अतिबला या विद्यांचा. श्रम व ज्वर यांपासून आणि बेसावध असता होणाऱ्या हल्ल्यापासून रक्षण करणाऱ्या या विद्या. अस्त्रे त्यानंतर दिली जातात. वाटेत लागणाऱ्या प्रत्येक स्थानाचा इतिहास ते राम-लक्ष्मणांना सांगतात. मिथिलेत दशरथ येऊन पोहोचतो, विवाह पार पडतात, आणि मगच ऋषी उत्तरेच्या पर्वताकडे निघतात.

अध्ययनदौऱ्यावर विद्यार्थ्यांना नेणाऱ्या प्राध्यापकाची कर्तव्ये सांगण्यासाठी याहून चांगला पाठ कुठला असेल? आधी पालकांचा विश्वास, मग संरक्षण, मग विद्या, आणि शेवटी सुखरूप परत सोपविणे. हा क्रम आज आपल्या शिक्षणसंस्थांत उलटा झाला आहे काय, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने परदेशी विद्यापीठांशी देवाणघेवाणीला मोकळी वाट दिली. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी नियमावली केली. संयुक्त पदवी, दुहेरी पदवी असे मार्ग खुले झाले. ट्विनिंग पद्धतीत तीस टक्क्यांपर्यंतचे श्रेयांक परदेशात मिळविता येतात. हे स्वागतार्हच आहे. पुण्या-मुंबईपुरती असलेली ही संधी उद्या तालुक्याच्या गावापर्यंत येईल. केवळ एका जिल्ह्यासाठी २००४ साली स्थापन झालेल्या आणि आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव धारण करणाऱ्या सोलापूरच्या विद्यापीठातील मुलामुलींनाही ती लाभली पाहिजे.

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना वळसंग लागते. मराठी आणि कन्नड दोन्ही कानांवर पडणारे हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या भेटीची स्मृती जपणारी विहीर या गावात आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील प्राध्यापक सेलिग्मन यांचे या विद्यार्थ्याशी असलेले नाते वर्ग सुटल्यावर संपले नाही. १९२५ साली बाबासाहेबांचा प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ निघाला, तेव्हा त्याला प्रस्तावना होती सेलिग्मन यांची. लंडनमधील प्राध्यापक कॅनन यांनीही रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या १९२३ सालच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली, आणि तीत आपले मतभेद न लपविता लिहिली. परक्या देशातील गुरूंनी एवढे केले. मग आपल्याच मुलांना घेऊन निघालेल्या आपल्याच प्राध्यापकाने किती करावे?

येथे एक आक्षेप हमखास येतो. 'मुले अठरा वर्षांची झाली, सज्ञान आहेत. त्यांच्या मागे कुठवर फिरायचे?' कायद्याच्या पुस्तकापुरते हे ठीक आहे. परंतु अनोळखी भाषा, अनोळखी हवामान आणि अनोळखी कायदा यांच्यापुढे वीस वर्षांचा तरुणही पहिले काही दिवस बालकच असतो. शिवाय समूहात आलेला उत्साह एकट्याच्या विवेकाला गप्प करतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडाले. ती सहल होती आणि शिक्षकही बरोबर होते. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे चोवीस विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. त्या प्रकरणात उच्च न्यायालयाने प्रत्येक कुटुंबाला वीस लाख रुपये भरपाई देवविली. तिचा साठ टक्के भार वीज मंडळावर आणि दहा टक्के राज्य सरकारवर टाकला. उरलेले तीस टक्के महाविद्यालयाने द्यावेत, असे ठरविले. पाणी सोडणाऱ्याचा दोष मोठा होताच. पण मुलांना तेथवर नेणारी संस्था त्यामुळे निर्दोष ठरली नाही. स्वदेशात, आपली भाषा कळत असता हे घडले. जून २०२४ मध्ये रशियातील वोल्खोव नदीत चार भारतीय वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. त्यांत आपल्या जळगाव जिल्ह्यातील मुले होती. ते कुठल्या दौऱ्यावर नव्हते, तेथेच शिकत होते. परंतु परक्या नदीचा स्वभाव जाणणारे वडीलधारे माणूस शेजारी नसणे म्हणजे काय, हे त्या घटनेने दाखविले.

सर्वांत मोठा धडा युक्रेनचा आहे. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी कीव्हमधील भारतीय दूतावासाने विद्यार्थ्यांना देश सोडण्याचा विचार करण्यास सांगितले. तरी हजारो मुले थांबली. कारण? वर्ग प्रत्यक्ष भरत होते आणि हजेरी बुडेल, वर्ष जाईल, ही धास्ती होती. विद्यापीठांच्या निर्णयाची वाट न पाहता निघा, असे दूतावासाला २२ तारखेला पुन्हा सांगावे लागले. २४ तारखेला युद्ध पेटले. पुढे 'ऑपरेशन गंगा'त केंद्र सरकारने चार मंत्री शेजारी देशांत पाठविले, सुमारे साडेबावीस हजार भारतीय मायदेशी आणले. पोलंडच्या सीमेजवळ स्वामीनारायण संस्थेच्या स्वयंसेवकांनी गरम अन्न शिजवून वाढले. राष्ट्र आणि समाज दोघेही धावले. मात्र खारकीव्हमध्ये हावेरी जिल्ह्यातील एक विद्यार्थी परत येऊ शकला नाही. 'हजेरीचे मी पाहून घेईन, तुम्ही आज निघा,' असे अधिकाराने सांगणारा आपला एकही प्राध्यापक त्या मुलांजवळ नव्हता. दौऱ्याचा नेता असतो तो या एका वाक्यासाठी.

म्हणूनच प्राध्यापकाचे काम विमानतळावर सुरू होत नाही. निघण्याआधी त्याने पालकांना समोर बसवून, त्यांच्या भाषेत, मुले कुठे राहतील, काय खातील, आजारी पडल्यास खर्च कोण करील हे सांगितले पाहिजे. विम्याचे कागद वाचून घेतले पाहिजेत. कोणाला कुठले औषध लागते, कोण शाकाहारी आहे, कोणाला उपास असतात, याची नोंद हवी. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर प्रत्येकाची नोंदणी हवी. विद्यार्थिनी असतील तर प्राध्यापिका बरोबर हवीच. वळसंगसारख्या गावातील आई मुलीला पाठविण्यास कचरते ती मागासलेपणामुळे नव्हे. तिला दशरथाचाच प्रश्न पडलेला असतो, आणि उत्तर देणारा वसिष्ठ भेटत नाही.

प्रवासात काय करावे हे आपल्याला परक्यांकडून शिकण्याची गरज नाही. पंढरीच्या वाटेवरील दिंडीत विणेकरी असतो, चोपदार असतो, मुक्कामाला कोण पोहोचले नाही याची विचारपूस होते. संघाच्या शिबिरात गटनायक रात्री संख्या घेतल्याशिवाय झोपत नाही. हीच शिस्त प्राध्यापकाने पाळावी. सारे काही प्रवासी कंपनीच्या मार्गदर्शकावर सोपवून स्वतः सहप्रवासी होणे, सहकुटुंब खरेदीला जाणे, हा विद्यार्थ्यांच्या पैशाचा आणि पालकांच्या विश्वासाचा अपमान आहे. व्यसन, गैरवर्तन वा छळ यांची कुणकुण लागताच बोलले पाहिजे. संस्थेचे नाव जाईल म्हणून झाकणे हे पाप आहे.

विद्येचा भागही तितकाच महत्त्वाचा. आपला देश न पाहिलेला विद्यार्थी परदेशी गेला की एक तर भारावतो, नाही तर बुजतो. जाण्यापूर्वी त्याला आपल्या गावाची शेती, माग, पाणी, बोली यांची ओळख हवी, म्हणजे तो परदेशातील शेती आणि कारखाना तुलनेच्या डोळ्याने पाहील. परतल्यावर त्याने गावात उभे राहून दोन गोष्टी सांगाव्यात. तेथून काय घ्यावे आणि आपले काय जपावे. हे सांगता आले नाही, तर तो केवळ पर्यटक होता.

मात्र सारा भार एकट्या शिक्षकावर टाकणे अन्यायाचे होईल. विद्यापीठाने त्याला प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, हाताशी आपत्कालीन निधी, कार्यक्रम रद्द करण्याचा लेखी अधिकार आणि रात्री-अपरात्री उचलला जाणारा एक दूरध्वनी दिला पाहिजे. परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक संस्थेत कार्यालय असावे, असे शैक्षणिक धोरण सांगते. जाणाऱ्यांसाठीही तसेच कार्यालय हवे. अधिकार न देता जबाबदारी लादली, तर अपघातानंतर एका शिक्षकाला निलंबित करून व्यवस्था हात झटकते, आणि पुढच्या अपघाताची वाट मोकळी राहते.

आपली मुले जगात जावीत, आत्मविश्वासाने जावीत, हीच आपली इच्छा आहे. समुद्र ओलांडू नये म्हणणारा काळ केव्हाच मागे पडला. पण मुलाचा हात पालकांच्या हातातून स्वतःच्या हातात घेणाऱ्या गुरूने तो परत त्याच हातात देईपर्यंत सोडू नये. हा नियम कुठल्याही परिपत्रकात नसला, तरी आपल्या परंपरेत आहे. त्याचे पालन करणारे शिक्षक जिथे असतील, तिथून वळसंगची मुलगी निर्धास्तपणे जगाच्या पाठीवर कुठेही जाईल.