पिल्लाची आई कुठे आहे?

मोबाइलवर येणाऱ्या पिल्लांच्या जाहिराती बहुतेक एकाच साच्यातल्या असतात. गळ्यात रिबीन बांधलेलं पिल्लू, मागे सोफा किंवा गादी, खाली ‘हेवी बोन’, ‘शो क्वालिटी’, ‘पेपरसकट’, ‘घरपोच मिळेल’ असे शब्द, आणि किंमत विचारायची तर इनबॉक्समध्ये. पिल्लाची आई त्या चौकटीत कुठेच नसते. खरं तर अंगावर पिणारं पिल्लू असेल तर ती दोन हातांवर असायला हवी. ती दिसत नाही याची कारणं साधारण दोनच. एक तर ती दाखवण्याच्या अवस्थेत नाही, किंवा ती या शहरातच नाही आणि जाहिरात देणाऱ्याने तिला कधी पाहिलेलंही नाही.

कुत्रा विकत घेताना फसवणूक झाल्याच्या तक्रारी आपण ऐकतो त्या पिल्लाबद्दलच्या असतात. पिल्लू आजारी निघालं, जात वेगळी निघाली, ‘टॉय पॉम’ म्हणून घेतलेलं मोठेपणी चांगलं दांडगं स्पिट्झ झालं. या तक्रारी खऱ्या आहेत, पण सगळ्यांचं मूळ एकच आहे. गिऱ्हाईक पिल्लू पाहतं, आणि पिल्लाचं आरोग्य, स्वभाव, वय हे सगळं ज्या ठिकाणी ठरलेलं असतं ते ठिकाण पाहत नाही. बेजबाबदार पैदास करणाऱ्याचा सगळा धंदा या न पाहण्यावर उभा आहे.

त्या न दिसणाऱ्या जागी काय चालतं ते समजून घ्यायला फार मोठं शास्त्र लागत नाही. कुत्री साधारण सहा-आठ महिन्यांनी माजावर येते आणि गाभण राहिली की सुमारे ६३ दिवसांत विते. म्हणजे प्रत्येक माजाला लावली तर वर्षाला दोन वेतंही निघू शकतात. मोठ्या जातींत एका वेतात सात-आठ पिल्लं सहज होतात. हा हिशेब ज्याच्या डोक्यात पक्का बसला, त्याच्या लेखी मधला विसाव्याचा माज म्हणजे बुडालेलं उत्पन्न. सतत विणारी, पाजणारी कुत्री झिजते, तिची झीज भरून निघण्याआधी पुढची खेप सुरू होते, आणि वेतं कमी पडू लागली की तिला खाऊ घालणं हा खर्च ठरतो. अशा कुत्र्यांचं पुढे काय होतं हे प्राण्यांची निवारागृहं चालवणाऱ्यांना विचारावं. आचळं लोंबलेली, माणसाला बिचकणारी विलायती जातीची मादी रस्त्यावर सापडली की ती कुठून आली हे त्यांना सांगावं लागत नाही.

याला कायदा नाही असं नव्हे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम काढले. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी. मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय आणि आठ वर्षांनंतर तिच्यापासून वेत घ्यायचं नाही, लागोपाठच्या दोन माजांना लावायचं नाही, आयुष्यभरात पाचाहून जास्त वेतं घ्यायची नाहीत. पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी विकायचं नाही, आणि विकण्यापूर्वी त्याचं लसीकरण करून त्याला मायक्रोचिप बसवायची. नियम वाचताना बरं वाटतं. मग ते ज्या कायद्याखाली आले त्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातल्या दंडाची रक्कम पाहावी. क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. ज्या काळी ही रक्कम ठरली त्या काळी तिला काही किंमत असेल, आज एका पिल्लाच्या गळ्यातली रिबीन तेवढ्यात येते. चाळीतल्या खोलीत किंवा शहराबाहेरच्या शेडमध्ये किती माद्या आहेत आणि कितव्यांदा व्याल्या आहेत हे मोजायला कुणी जाईल, अशी आशा धरायला फारसा आधार नाही. तपासणी करू शकणारा एकच माणूस नियमितपणे तिथवर पोचू शकतो, तो म्हणजे गिऱ्हाईक. आणि नेमकं त्यालाच ‘तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही घरी आणून देतो’ असं सांगितलं जातं.

आपल्याकडच्या बाजारात ‘४५ दिवसांचं पिल्लू’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की तेच योग्य वय असं अनेकांना वाटतं. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. मधले अकरा दिवस विक्रेता का गाळतो? चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर पिल्लांना वरचं खाणं लागतं, जंत पाडावे लागतात, लशीचा खर्च येतो, घाण वाढते. शिवाय पिल्लू जितकं लहान तितकं गोजिरं, आणि गोजिरं दिसतं तोवर किंमत. पिल्लाच्या दृष्टीने मात्र याच दिवसांत शिक्षण चाललेलं असतं. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ थांबतो, आईला चावलं की ती गुरकावते. दात किती दाबायचा हे कुत्रा इथे शिकतो. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू माणसं, आवाज, अनोळखी जागा यांना सरावतं, नंतर ते दार बरंच बंद होतं. हे दिवस अंधाऱ्या पिंजऱ्यात किंवा वाहतुकीच्या खोक्यात गेले तर वर्षभराने घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यावर धावून जाणारा कुत्रा तयार होतो, आणि मालक म्हणतो, ‘ही जातच तापट.’ खऱ्या वयाचा अंदाज पशुवैद्य दातांवरून करतात. दुधाचे २८ दात आठव्या आठवड्याच्या आसपास पूर्ण होतात. म्हणून पैसे देण्याआधी पिल्लाला दवाखान्यात नेऊ द्या, असं म्हणून पाहावं. ‘नाही’ म्हणणाऱ्याने उत्तर दिलेलंच आहे.

मधला दलाल किंवा दुकान आलं की यात पार्वोची भर पडते. १९७० च्या दशकाच्या शेवटी जगभर पसरलेला हा विषाणू पिल्लांच्या आतड्यावर हल्ला करतो. उलट्या, रक्ताळ जुलाब, आणि उपचार नाही झाले तर दोन-तीन दिवसांत खेळ खलास. आईच्या चिकातून मिळालेलं संरक्षण सहाव्या आठवड्यापासून ओसरू लागतं, पण पुरतं संपलेलं नसतं. ते असेपर्यंत लशीचा परिणाम नीट होत नाही, आणि रोगाला थोपवायला ते अपुरं असतं. या कोंडीमुळेच लस एकदा देऊन भागत नाही, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते. आता नेमक्या याच वयातली, चार वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेली पिल्लं एका पिंजऱ्यात ठेवली, तर काय होणार ते सांगायला नको. विषाणू जमिनीत, फरशीच्या फटीत महिनोन्‌महिने टिकतो. आधीची खेप गेली तरी तो तिथेच असतो.

लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन दिवस ते आठवडा, कधी त्याहून थोडा जास्त काळ जातो. म्हणजे विक्रीच्या दिवशी पिल्लू उड्या मारत असतं, घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाणं सोडतं. फोन केला तर विक्रेता ठरलेला प्रश्न विचारतो: ‘दूध दिलंत का?’ दूध दिलेलंच असतं. आपल्याकडे घरात आलेल्या पिल्लाला दूध देत नाही असं घर विरळा. झालं, दोष गिऱ्हाइकाचा. लसीकरणाचं पुस्तक असतं, पण त्यात लशीच्या बाटलीवरचं स्टिकर, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक आहे का हे त्या क्षणी कुणी पाहिलेलं नसतं. कोरी पुस्तकं सहज मिळतात, त्यात तारीख भरायला डॉक्टर लागत नाही.

‘पेपर’ या शब्दाचा दबदबा मोठा आहे. केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र असलेल्या पिल्लाला जास्त पैसे मोजावे लागतात आणि लोक ते आनंदाने मोजतात. त्या कागदावर वंशावळ असते, म्हणजे बाप कोण, आजा कोण. आजा चालताना लंगडत होता का, हे त्यावर नसतं. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड या जातींत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष सर्रास आढळतो. तो आहे की नाही हे नर-मादीचा एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही, आणि खात्रीचा एक्स-रे जनावर दोन वर्षांचं झाल्यावर. पैदास करणाऱ्याला ‘आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे दाखवा’ म्हटलं की तो आधी बुचकळ्यात पडतो आणि मग चिडतो. जो न चिडता फाइल उघडतो, त्याच्याकडे पुढचं बोलणं करायला हरकत नाही. वंशावळीच्या शुद्धतेचं वेड कुठवर जातं याचा एक पुरावा इंग्लंडमधला आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की तिथल्या सुमारे दहा हजार पग कुत्र्यांमधली आनुवंशिक विविधता जेमतेम पन्नास कुत्र्यांइतकी आहे. कागद सगळ्यांचे चोख होते.

पगचा उल्लेख आला म्हणून सांगतो. २००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागे मागे चालला आणि देशभर पगची मागणी उसळली. चपट्या तोंडाच्या या जातीला आपल्या उन्हाळ्यात श्वास घेणं जड जातं, नाकपुड्या अरुंद, टाळू लांब. मागणी उसळली की जबाबदार माणूस तिला पुरा पडूच शकत नाही, कारण त्याची मादी दोन वर्षांत एकदा-दोनदा विणार. पुरवठा तोच करतो ज्याला मादीची पर्वा नाही. नंतर हस्कीची लाट आली, विदर्भातल्या मे महिन्यात बर्फातली दुहेरी फर घेऊन राहणारी. व्यावसायिक पैदाशीसाठी परदेशी कुत्रे आणण्यावर २०१६ मध्ये निर्बंध आले, तेव्हा देशात होते त्याच थोड्या रक्तावर पिल्लं काढणं अनेकांनी चालू ठेवलं. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये मुधोळ हाउंडचं नाव घेतल्यावर आपल्या देशी जातींकडे लोक वळले, ते चांगलंच झालं. पण बागलकोटचा मुधोळ असो की आपल्या मराठवाडा-सोलापूरकडचा कारवान, ही शेतातून ससा उठवून पळणारी जनावरं. फ्लॅटच्या बाल्कनीत ती बांधून ठेवणाराही गिऱ्हाईकच असतो आणि त्याला ती विकणाराही बेजबाबदारच.

बेजबाबदार म्हटलं की डोळ्यांपुढे शेडवाला, दलाल असे लोक येतात. पण आपल्या सोसायटीतलं, चांगल्या घरातलं एक उदाहरण तितकंच नेहमीचं आहे. घरी लाडाची मादी असते, आणि ‘तिला एकदा तरी आई होऊ द्या, तब्येतीला चांगलं असतं’ असं कुणीतरी सांगतं. याला वैद्यकीय आधार नाही. उलट नसबंदी न केलेल्या माद्यांना गर्भाशयात पू होण्याचा जिवावरचा आजार उतारवयात गाठतो, तो वेताने टळत नाही, नसबंदीने टळतो. तरीही जवळच्या कुणाचा नर शोधला जातो, दोघांची कसलीही तपासणी होत नाही, सात पिल्लं होतात. दोन नातेवाइकांत जातात, उरलेल्या पाचांसाठी पाचव्या आठवड्यापासून घरातले मेटाकुटीला येतात, आणि दलालाचा नंबर फिरवला जातो. हेतू प्रेमळ होता हे खरं. पिल्लं मात्र त्याच पिंजऱ्यात पोचली.

गिऱ्हाइकाच्या बाजूने सर्वांत अवघड क्षण दयेचा. अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यात कुडकुडणारं, डोळे चिकटलेलं पिल्लू दिसतं आणि ‘याला इथून सोडवायला हवं’ असं वाटून खिशात हात जातो. त्या एका पिल्लाचं कदाचित भलं होईल. पण विक्रेत्याच्या हिशेबात ती दया नसते, विक्री असते. आजारी मालही खपतो हे त्याला कळतं, आणि जागा रिकामी झाली म्हणून त्या मादीला पुढच्या माजाला पुन्हा लावलं जातं. अशा ठिकाणी न घेता बाहेर पडणं आणि पोलिसांत किंवा प्राणी कल्याण मंडळाकडे लेखी तक्रार करणं निष्ठुरपणाचं वाटतं. तरी माझं मत तेच आहे.

आई पाहूनच घ्यायचं, हे तत्त्व इंग्लंडने एप्रिल २०२० पासून कायद्यात आणलं. तिथे सहा महिन्यांखालचं पिल्लू मधल्या विक्रेत्याकडून विकताच येत नाही, जिथे जन्मलं तिथून आणि आईसोबत पाहूनच घ्यावं लागतं. वेल्समधल्या पैदास केंद्रातून सुटलेल्या लुसी नावाच्या कुत्रीवरून त्याला लुसीचा कायदा म्हणतात. आपल्याकडे असं बंधन नसलं तरी ते स्वतःवर घालून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त दाखवलेली मादी खरंच आई आहे का हे पाहावं लागतं, कारण उसनी आई उभी करणारेही आहेत. नुकत्याच व्यालेल्या मादीची आचळं भरलेली किंवा ओघळलेली असतात, पिल्लं तिच्याकडे धावतात, ती त्यांना हुंगते, कंटाळली की झटकते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला अनोळख्यासारखी बसलेली मादी शंका घेण्याजोगी. बाप तिथे नसणं मात्र संशयाचं नाही, चांगले लोकही नर बाहेरून आणतात. त्याचे तपासणीचे कागद असले म्हणजे झालं.

जबाबदार माणूस ओळखायची आणखी एक खूण आहे. तोच तुम्हाला प्रश्न विचारतो. घर भाड्याचं की स्वतःचं, दिवसभर घरी कोण, आधी कुत्रा होता का आणि त्याचं काय झालं, गावी गेलात तर कुठे ठेवाल. कधी तो सरळ सांगतो की ही जात तुमच्यासाठी नाही, गावठी पिल्लू दत्तक घ्या. आणि सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा कुठल्याही वयात मलाच परत आणून द्या, असं तो लिहून देतो. त्याच्याकडे आज पिल्लू तयार नसणार. तुमचं नाव तो वहीत लिहून घेईल. मादी पुढच्या माजाला लागली तरी ६३ दिवस गाभणकाळाचे आणि ५६ दिवस आईजवळचे, म्हणजे जवळपास चार महिने. मुलाचा वाढदिवस पुढच्या रविवारी असेल तर पिल्लाऐवजी सायकल आणावी.