सोपे वर्ष, पण कोणाला?



आमचे कन्नड गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. जवळचे पाणी म्हणजे शिवना नदी, आणि तिच्यात उन्हाळ्यात साधी होडीसुद्धा चालायची नाही. तरीही आमच्या शाळेतला नववीचा एक विद्यार्थी गेले दोन महिने अटलांटिक महासागरात पाणबुडी चालवतो आहे. अर्थात संगणकावर! दुसऱ्या महायुद्धातील पाणबुड्यांचा तो खेळ आहे आणि मोहीम कोणत्या वर्षी सुरू करायची हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते. परवा तो तक्रार घेऊन आला. ‘‘सर, 1940 साल निवडले की मी सहज जिंकतो. 1943 निवडले की तासाभरात बुडतो. पाणबुडी तीच, मीही तोच. हा खेळ लबाडी करतो!’’

माझे मत याच्या अगदी उलट आहे. दोन्ही वर्षे सारखीच सोपी ठेवली असती, तर ती लबाडी ठरली असती.

पाण्यातली पाणबुडी शोधायची कशी? कन्नडच्या घाटात कड्यासमोर उभे राहून जोराने हाक मारा. प्रतिध्वनी एका सेकंदाने आला, तर कडा सुमारे 170 मीटरवर आहे, कारण हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो आणि त्याला जाऊन परत यायचे असते. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1500 मीटर. म्हणजे पाण्यात हाच प्रतिध्वनी 750 मीटरवरच्या वस्तूकडून आलेला असेल. या तत्त्वावर चालणारे यंत्र म्हणजे सोनार. (दागिने घडवणारा सोनार वेगळा!) ब्रिटिशांकडे ते युद्धाच्या आधीपासून होते आणि त्यावर त्यांची फार भिस्त होती.

पण जर्मन पाणबुड्या रात्री पाण्याच्या वर येऊन हल्ला करू लागल्या. पृष्ठभागावरची पाणबुडी सोनारला जवळजवळ सापडत नाही आणि काळोखात तिचा बुटका आकार डोळ्यांनाही दिसत नाही. शिवाय पाण्यावर तिचा वेग ताशी सुमारे 17 सागरी मैल, तर पाण्याखाली जेमतेम 7. ऑक्टोबर 1940 मध्ये ‘एस.सी. 7’ या काफिल्यातील 35 जहाजांपैकी 20 जहाजे अशा हल्ल्यांत बुडाली.

आमच्या मित्राचे ‘सोपे’ वर्ष ते हेच. त्या काळच्या ब्रिटिश व्यापारी जहाजांवर बंगालचे, कोकणचे आणि गोव्याचे खलाशीही असत. जहाजाच्या पोटात, बॉयलरच्या भट्टीत कोळसा लोटणाऱ्या अशा खलाशाला 1940 साल सोपे गेले असेल काय? वर्ष सोपे की कठीण हे विचारण्याआधी आपण कोणत्या जहाजावर उभे आहोत ते सांगावे लागते.

आता 1943 कडे वळू. मधल्या काळात नवा सेनापती आला म्हणून काही समुद्र बदलला नाही. बदल प्रयोगशाळांतून आला. 1940 च्या आरंभी बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी मॅग्नेट्रॉनचा एक नवा, शक्तिशाली प्रकार तयार केला आणि त्यातून सुमारे 10 सेंटिमीटर तरंगलांबीचे रडार शक्य झाले. आधीचे विमानांवरील रडार सुमारे दीड मीटर लांबीच्या लहरी वापरी. त्या लहरी पकडणारे उपकरण जर्मनांनी पाणबुडीवर बसवले होते. रडारची चाहूल लागली की मारली बुडी! पण या आखूड लहरी त्या उपकरणाला ऐकूच येत नसत. काळोखातून विमान थेट डोक्यावर आले तरी खाली पत्ता नसे.

दुसरी सुधारणा मला अधिक आवडते, कारण ती शाळेतल्या गणितात बसते. जहाज पाणबुडीच्या अगदी जवळ आले की सोनारचा झोत तिच्यावरून निघून जाई. मग जहाज पुढे सरकून मागच्या बाजूने स्फोटकांची पिंपे टाकी. पिंप सेकंदाला सुमारे 3 मीटर बुडते असे धरा. 50 मीटर खोल जायला त्याला 16-17 सेकंद लागतील. तेवढ्यात सावध झालेली पाणबुडी 50 मीटर बाजूला सरकू शकते, आणि स्फोट काही मीटरांच्या आत झाला तरच तिचे कवच फुटते! म्हणून मग ‘हेजहॉग’ आले. हे यंत्र 24 लहान बॉम्ब जहाजाच्या पुढे फेकते, म्हणजे पाणबुडी सोनारच्या झोतात असतानाच. बॉम्ब पाणबुडीला लागला तरच फुटतो, एरवी शांतपणे तळाशी जातो. पाण्यात उगाच खळबळ होत नाही आणि सोनारला पुढेही ऐकता येते.

मे 1943 या एका महिन्यात जर्मनीच्या 41 पाणबुड्या गेल्या आणि 24 मे रोजी सरसेनापती डोनिट्झने उरलेल्यांना उत्तर अटलांटिकमधून मागे घेतले. युद्ध संपेपर्यंत त्या पाणबुड्यांवरील दर चारांपैकी जवळजवळ तिघे प्राणाला मुकले. आमच्या मित्राला बुडाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते, हा फरक मात्र कोणताही खेळ दाखवू शकत नाही.

‘‘म्हणजे पाणबुडीवाल्यांना शेवटची वर्षे नेहमीच कठीण!’’ असा निष्कर्ष तुम्ही काढाल. थांबा. त्याच युद्धात पॅसिफिक महासागरात अमेरिकन पाणबुड्यांची गोष्ट उलटी घडली. त्यांना पहिली दोन वर्षे अवघड गेली, आणि तीही स्वतःच्याच पाणतीरांमुळे! ते ठरवल्यापेक्षा सुमारे 10 फूट खोल जात. त्यांचा चुंबकीय स्फोटक भलत्याच वेळी पेटे किंवा पेटतच नसे. आणि नेम अचूक लागून पाणतीर जहाजावर काटकोनात आदळला, तर हमखास फुसका निघे. तिरपा लागलेला मात्र पुष्कळदा फुटे. आहे की नाही नवल?

कारण शोधायला पर्ल हार्बरच्या तळावर जो प्रयोग झाला तो तुम्हालाही कळेल. यारीने पाणतीर उंच उचलायचे आणि खाली पोलादी पत्र्यावर सोडून द्यायचे! सरळ आदळला की आतली स्फोट घडवणारी खीळ धक्क्याने आपल्या खाचेच्या कडेवर इतकी दाबली जाई, की घर्षणाने तिची गती कमी पडे. तिरप्या टकरीत धक्का कमी, म्हणून खीळ सुटे. 1943 च्या शरद ऋतूपर्यंत हे दोष निघाले आणि तेथून पुढे जपानी जहाजांना वाईट दिवस आले. दोष सापडायला इतका वेळ का लागला? परत आलेल्या कप्तानांना वरिष्ठ सांगत, ‘‘पाणतीर ठीक आहेत, तुमचा नेम चुकला.’’ प्रयोग करून न पाहता ठामपणे बोलण्याची ही किंमत होती.

आपल्या देशानेही हा विषय रक्त सांडून शिकला आहे. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हँगोर’ पाणबुडीने मुंबईहून निघालेली आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. जेमतेम आठवडाभर आधी पाकिस्तानचीच ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणमजवळ साऱ्या खलाशांसह तळाशी गेली होती. युद्ध एक, महिना एक, किनारे मात्र दोन. डिसेंबर 1971 पाणबुडीला सोपा होता की कठीण, सांगा पाहू!

म्हणून माझा आग्रह आहे की असे खेळ खेळताना सोपे वर्ष शोधत बसू नका. अशा काही खेळांत ‘फुसके पाणतीर नकोत’ अशी सोय असते. ती वापरू नका. पाणतीर फुटला नाही की चिडायला होते खरे, पण इतिहासातले कप्तानही असेच चिडले होते. आपण बुडलो की वर्ष वहीत लिहावे आणि शत्रूकडे त्या वर्षी नवे काय आले होते ते पुस्तकात शोधावे. ‘खेळात वेळ घालवतो’ म्हणून रागावणाऱ्या पालकांना मी एक खरी हकीकत सांगतो. 1942 मध्ये लिव्हरपूल येथे कप्तान गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि नौदलातील तरुण मुली एका खोलीच्या जमिनीवर खडूने रेघा ओढून असाच खेळ खेळत. काफिल्याच्या रक्षकाची भूमिका करणाऱ्याला पडद्याआडून, फटीतून दिसेल तेवढेच दिसे. त्या जमिनीवर सुचलेले डावपेच पुढे समुद्रावर वापरले गेले.

ही हकीकत मी आमच्या मित्रालाही सांगितली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गाच्या फरशीवर 35 चिंचोके मांडलेले दिसले. चार खडे रक्षक जहाजांचे, पाणबुडी म्हणून एक बटण. या वेळी तो स्वतः रक्षक झाला होता आणि अटीप्रमाणे पाठ करून बसला होता. पहिल्या डावात त्याची 11 जहाजे बुडाली. दुसरा डाव घंटा झाल्यामुळे अर्धा राहिला.