पाळीत जाणारं रक्त, अंगात उरलेलं रक्त

आज २८ मे, जागतिक मासिक पाळी स्वच्छता दिन. २०१४ पासून तो पाळला जातो. पाळीचं चक्र साधारण २८ दिवसांचं, स्राव पाचेक दिवसांचा, म्हणून पाचव्या महिन्याची २८ तारीख. वऱ्हाडात ही तारीख ऐन नवतपात येते. अमरावती-अकोल्यात पारा ४५ अंशांच्या घरात असतो आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीपर्यंत बंद असतात. ज्या मुलींसाठी हा दिवस, त्या आज वर्गात नाहीत. कुणी घरी धाकट्यांना सांभाळते आहे, कुणी आईसोबत शेतात धसकटं वेचते आहे.

पाळीचा विषय निघाला की अजूनही पहिली चर्चा विटाळाची होते. वऱ्हाडाला या चर्चेचं उत्तर बाहेरून आणावं लागत नाही. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं स्थान. म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं ते इथलंच, आणि आद्य मराठी कवयित्री म्हणून मान मिळालेल्या महदंबेचे धवळेही इथलेच. या पंथाच्या प्रवर्तकांनी, चक्रधर स्वामींनी, बाईच्या पाळीला विटाळ मानलं नाही. नाकातून, कानातून जसा मळ निघतो तसाच हाही शरीराचा एक स्राव; धुतला की झालं, अशी त्यांची शिकवण. म्हणून त्यांच्या शिष्या त्या चार दिवसांत धर्मापासून दूर बसल्या नाहीत. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. तिथे शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला ही गोष्ट ठाऊक असावी, आणि तिच्या आजीलाही.

पॅडबद्दल थोडक्यातच. २०१८ मध्ये त्यावरचा जीएसटी गेला, ते योग्यच झालं. पण घरचं सुती कापडही वाईट नाही. ते नीट धुवून कडक उन्हात वाळवलं की सुरक्षित असतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात मात्र विहिरीच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, आणि एवढं रणरणतं ऊन असूनही ते कापड साडीच्या आड, सावलीत, ओलसरच वाळतं. खाज आणि जंतुसंसर्ग तिथून सुरू होतो. नळाला गोडं पाणी आणि न लपवलेली दोरी, दोन्ही हवं.

मात्र आमच्या मते यापेक्षा मोठी गोष्ट दरवर्षी राहून जाते. पाळीत किती रक्त गेलं आणि अंगात किती उरलं, हा हिशेब कुणीच विचारत नाही.

दर महिन्याला बीजकोशात एक बीज पिकतं. इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, बीज सुटल्यावर तयार होणारं प्रोजेस्टेरॉन ते अस्तर टिकवून धरतं. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तर सुटतं आणि रक्तासोबत बाहेर पडतं. या वेळी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं गर्भाशयाला आकुंचन पावायला लावतात. ओटीपोटात कळा येतात त्या त्यामुळे. ते दुखणं खरं असतं, मुलीचे नखरे नसतात. पहिली पाळी आल्यावर वर्ष-दोन वर्षं बीज दर महिन्याला सुटतंच असं नाही. तेव्हा अस्तर धरून ठेवणारं प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, अस्तर वाढत राहतं आणि कधी दोन महिन्यांनी, कधी पंधरा दिवसांनी तुटतं. मग कधीकधी अंगावरून फार जातं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची पाळी म्हणूनच बारकाईने विचारायला हवी. रक्त गोठण्याचा एखादा जन्मजात दोषही अनेकदा इथेच पहिल्यांदा दिसतो.

साधारण पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं तर वैद्यकशास्त्र त्याला अतिस्राव म्हणतं. दोन मिलिलिटर रक्तात जवळपास एक मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे ४० मिलिलिटरसोबत २० मिलिग्रॅम लोह गेलं. भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी यांतलं लोह अंगी लागतं ते शेकडा आठाच्या आसपास. तेवढीच झीज भरून काढायला अडीचशे मिलिग्रॅम लोह पोटात जावं लागतं, आणि वाढत्या अंगाची गरज वेगळीच. म्हणून आयसीएमआरने २०२० मध्ये प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह सांगितलं, तर सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला ३२. आपल्या घरांत ताट मात्र उलट वाढलं जातं. मुलगी शेवटी बसते, आणि जेवणावर लगेच चहा घेते. तो चहाच अन्नातलं लोह अडवतो. त्याऐवजी वरणावर लिंबू पिळलं तर तेच लोह जास्त अंगी लागतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. २०१९-२१ च्या पाहणीत ते प्रमाण ५४.२ टक्के झालं. या काळात पॅड वाढले आणि रक्त कमी झालं, याची आम्हाला खरोखर चिंता वाटते. धाप लागणं, चक्कर येणं, अभ्यासात लक्ष न लागणं याला आपण नवतपाचं ऊन किंवा अशक्तपणा म्हणून सोडून देतो. हीच मुलगी चार वर्षांनी बाळंत होते तेव्हा थोडा जास्त रक्तस्रावही तिच्या जिवावर बेततो.

उपाय परका नाही. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुला-मुलींना आठवड्याला लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची निळी गोळी देण्याची योजना आहे. शाळेत शिक्षक देतात, शाळेबाहेरच्या मुलींना अंगणवाडीतून मिळते. वऱ्हाडाची उन्हाळी सुट्टी लांब असते, तेव्हा सुटीआधीच पूर्ण सुटीच्या गोळ्या घरी द्याव्यात आणि आशाताईंनी दर आठवड्याला विचारावं. गोळीने शौच काळं होतं, कधी मळमळतं. हे आधी सांगितलं नाही म्हणून कितीतरी मुली ती गुपचूप टाकून देतात. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. शिवाय विदर्भात, मेळघाटातही, सिकलसेल आहे. तिथे रक्त कमी दिसलं तर आधी सिकलसेलची तपासणी करावी. त्या आजाराच्या मुलीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह सुरू करू नये.

आईने आज मुलीला एवढं विचारावं: तासा-दोन तासांत पॅड किंवा कापड भिजतं का, मोठ्या गाठी पडतात का, सात दिवसांपुढे जातं का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर पुढच्या पाळीची वाट पाहू नये. अमरावतीत डफरीन आहे, अकोल्यात लेडी हार्डिंग आहे. तिथे नेऊन हिमोग्लोबिन तपासून घ्यावं, आणि आकडा १२ च्या खाली आला तर महिन्याभराने पुन्हा न्यावं.