मध्येच विझणारा आकाशकंदील

नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की आपल्या बेलव्ह्यूत पाचच्या आत सूर्य मावळतो आणि कंदिलाची खरी गरज भासते. हल्ली मुलं त्यातले एलईडी स्वतः आखलेल्या सर्किट बोर्डावर बसवतात. कधी कधी असा कंदील काही मिनिटं छान उजळतो, विझतो आणि थोड्या वेळाने आपोआप लागतो. अशा वेळी एलईडी बदलायची घाई नको. आधी ७८०५ हा व्होल्टेज रेग्युलेटर तपासा.

तो १२ व्होल्टचे ५ करतो, पण वरच्या ७ व्होल्टची उष्णता होते. प्रवाह अर्धा अँपिअर असेल तर ७ × ०.५ म्हणजे साडेतीन वॅट! हीटसिंकशिवाय हे झेपत नाही. फार तापला की तो स्वतःला बंद करतो, निवला की पुन्हा सुरू होतो.

मुलांच्या हाती मल्टिमीटर द्या. थंड असताना आउटपुट ५ आणि तापल्यावर कमी? दोष उष्णतेचा. इनपुटच सुमारे ७ व्होल्टच्या खाली? अ‍ॅडॉप्टर कमजोर. एलईडी सोडवल्यावर ५ व्होल्ट परत आले? पुढे कुठेतरी शॉर्ट आहे.

उपाय? हीटसिंक किंवा बक कन्व्हर्टर. त्याहून सोपं म्हणजे पुरेशा अँपिअरचा ५ व्होल्टचा यूएसबी चार्जर. मग रेग्युलेटरच नको. कंदील कागदाचा आहे, म्हणून आत तापणारी वस्तू जितकी कमी तितकं बरं.

गणितात आपण उत्तराआधी पायऱ्या तपासतो. इथेही तसंच: आधी मोजायचं, मग बदलायचं.