यंत्राचे ज्ञान कामगाराच्या हाती हवे

पिंपरी-चिंचवड, सातपूर किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी लेथवर उभ्या असलेल्या कामगाराला ‘सी’ अक्ष म्हणजे काय, असे विचारले तर पुष्कळदा उत्तर मिळते, “ते प्रोग्रॅमिंगवाले बघतात.” या उत्तराचा कामगार चळवळीने गंभीरपणे विचार करावयास हवा.

वस्तुतः या ज्ञानात गूढ असे काही नाही. एक्स, वाय व झेड या सरळ दिशा. त्यांच्याभोवती फिरणारे अक्ष अनुक्रमे ए, बी आणि सी. लेथचा स्पिंडल झेडभोवती फिरतो, म्हणून त्याचा अक्ष सी. साध्या टर्निंगमध्ये स्पिंडलचा केवळ वेग पाहावयाचा असतो. सी अक्ष जोडला की तोच स्पिंडल हव्या त्या अंशावर थांबतो आणि टरेटमधील फिरते टूल जॉबला आडवे भोक पाडते किंवा षट्कोन कापते. मिलिंग मशीनवर फिरते टेबल बसविले की चौथा अक्ष मिळतो. ते टेबल झुकणारेही असले की पाचवा.

डिव्हायडिंग हेडचे हँडल ४० वेळा फिरविले की जॉबचा एक फेरा होतो. म्हणून षट्कोनाच्या दर बाजूस ६ फेरे आणि १८ छिद्रांच्या वर्तुळावर आणखी १२ छिद्रे, हे गणित जुन्या मिलरला मुखोद्गत असे. ते गणित नाहीसे झालेले नाही. ते दुसऱ्या खोलीत गेले आहे.

त्याची किंमत मात्र यंत्रापाशी उभा असलेला माणूस मोजतो. फिरत्या अक्षाचा फीड मिनिटाला अंशांत दिला जातो. मिनिटाला ३६० अंश म्हणजे १० मिलिमीटर त्रिज्येवर सुमारे ६३ मिलिमीटर, तर ५० मिलिमीटर त्रिज्येवर सुमारे ३१४. आकडा तोच, परंतु टूलची चाल पाचपट! तसेच ३५० अंशांवरून १० अंशांवर जाताना टेबल २० अंश पुढे जाईल की ३४० अंश मागे, हे यंत्राच्या सेटिंगवर ठरते. हे ठाऊक नसेल तर टूल मोडते, जॉब बाद होतो आणि ठपका ऑपरेटरवर येतो.

ही विभागणी यंत्राने लादलेली नाही. १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीने हवाई दलाच्या पैशावर विकसित केलेले अंकनियंत्रित मिलिंग मशीन लोकांसमोर आले. कुशल कारागिराच्या हालचाली टेपवर नोंदवून यंत्राकडून त्याच करवून घेण्याचा दुसरा मार्गही त्या काळी उपलब्ध होता. तो मागे पडण्यात कामगारावरील नियंत्रणाची व्यवस्थापनाची ओढ होती, असे डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात दाखविले. गुंतागुंतीचे वक्राकार भाग संगणकावाचून होणार नाहीत, हे मान्य. परंतु संगणक हवा म्हणून कामगाराने अज्ञानी राहावे, असे कोठे ठरते?

म्हणून संघटनांनी वेतनकराराच्या वेळी केवळ रुपयांवर थांबू नये. कामाच्या वेळेत, पगारासह, प्रत्यक्ष यंत्रावर प्रशिक्षण. प्रोग्रॅम वाचण्याचा व दुरुस्ती सुचविण्याचा अधिकार. आणि त्या कौशल्यानुसार श्रेणी, या मागण्या पुढे आल्या पाहिजेत. कार्यकर्त्यांनीही अभ्यासवर्गात हा विषय घ्यावा. उजव्या हाताचा अंगठा अक्षाच्या धन दिशेला धरला की वळलेली बोटे धन फेऱ्याची दिशा दाखवितात. टूलऐवजी टेबल फिरत असेल तर ते उलट फिरते. एवढ्यापासून आरंभ करता येईल. ज्या हातांनी यंत्र चालते, त्या हातांना ते का चालते हेही कळलेच पाहिजे.