एका खोलीतलं अंथरूण

नवजात बाळाला आईजवळ निजवणं हा वसई-विरारमधल्या बहुतेक घरांत निवडीचा प्रश्नच नसतो. नालासोपारा पूर्वेच्या चाळीत एकाच खोलीत स्वयंपाक होतो आणि रात्री तिथेच पाच-सहा जणांची अंथरुणं पडतात. वीटभट्टीवर आलेल्या कातकरी कुटुंबाच्या खोपटात तर पाळण्यालाही जागा नसते. अमेरिकेच्या बालरोग अकादमीचा २०२२ चा सल्ला असा, की पहिले निदान सहा महिने बाळ आईवडिलांच्या खोलीत असावं, पण बिछाना वेगळा असावा. यातला पहिला भाग इथे आपोआप पाळला जातो. दुसऱ्यासाठी जागा नाही, म्हणून अशा घरांना काहीच न सांगणं घातक आहे.

झोपेत बाळ अचानक दगावण्याचा धोका पहिल्या चार महिन्यांत सर्वाधिक असतो. या वयात नाका-तोंडावर आलेलं कापड बाळाला दूर सारता येत नाही, गादीत रुतलेलं तोंड वळवता येत नाही. म्हणून अंथरूण टणक आणि सपाट हवं. जमिनीवरची सतरंजी आणि तिच्यावर घट्ट भरलेली पातळ गादी या कसोटीला चांगली उतरते. तिथून बाळ पडत नाही, पलंग आणि भिंत यांच्या फटीत अडकतही नाही. मध्ये खोलगट झालेली जुनी गादी मात्र नको. सर्वांत वाईट जागा सोफ्याची: बाळाला छातीशी घेऊन तिथे डोळा लागला, तर ते कुशीत किंवा गादीच्या खाचेत दबतं.

बाळाला उताणंच निजवावं. ब्रिटनमध्ये १९९१ साली ही मोहीम सुरू झाली आणि असे मृत्यू काही वर्षांतच निम्म्याहून अधिक घटले. उताण्या बाळाच्या घशात दूध अडकेल ही घरातल्या मोठ्यांची भीती प्रेमापोटीच असते. पण त्या स्थितीत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर राहते, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासनलिकेत सहज शिरत नाही.

शेजारी कोण निजतं, हेही तितकंच महत्त्वाचं. ताडी-दारू घेतलेला, विडी-सिगारेट ओढणारा किंवा गुंगीचं औषध घेतलेला माणूस बाळाच्या अंथरुणात नसावा. मग तो बाप असो वा आजोबा. थोरलं भावंडही लगत नको, झोपेत त्याचा हात-पाय बाळावर पडतो. आई मध्ये आणि बाळ तिच्या एका अंगाला, ही रचना बरी. बाळ महिने भरण्याआधी जन्मलेलं असेल किंवा जन्मवजन अडीच किलोच्या आत असेल, तर मात्र हातभर अंतरावर, लगतच पण वेगळं अंथरूण हवंच. त्यासाठी घडी घातलेली सतरंजीही चालते.

आता बाळंतपणाच्या रिती. बाजेखालच्या शेगडीचा उबदारपणा बाळंतिणीला हवासा वाटतो. पण दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माय-लेकरू दोघांचाही जीव घेऊ शकतो. झोपताना शेगडी बाहेरच गेली पाहिजे, इथे तडजोड नाही. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवलेली राईची उशी, गळ्यातला दृष्टीचा काळा दोरा, डोक्यावरून घेतलेली गोधडी, घरात घट्ट बांधलेली कुंची, हे सगळं रात्री काढून ठेवावं. वसईच्या दमट उकाड्यात अति गुंडाळलेलं बाळ तापतं, आणि तापणं हाही एक धोकाच आहे. साडीच्या झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. रात्रभरासाठी ती नको.

ऊब खरोखर कमी पडते ती लहानखुऱ्या बाळांना. त्यांचं तापमान ३६.५ अंशांखाली गेलं की जिवाला धोका असतो. त्यावर १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा इथे सुरू झालेली, बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरण्याची पद्धत सर्वांत परिणामकारक ठरली आहे. तिला ना शेगडी लागते ना पैसा.

हे सांगायला माणूसही आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी उभ्या केलेल्या घरपोच नवजात सेवेच्या धर्तीवर आशाताई दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. वजन, तापमान, नाळ पाहून झाल्यावर त्यांनी तिसऱ्या दिवशीच अंथरूण पाहायला मागावं, आणि त्या वेळी बापाला व आजीलाही समोर बसवावं.