मुदत फक्त कामगारालाच का?



गेल्या पावसाळ्यात आमच्या युनियन कार्यालयात एक ट्रॅकमन पिशवीभर बिले घेऊन आला. बायकोच्या छातीत रात्री कळ आली, रेल्वे दवाखाना लांब, म्हणून त्याने तिला जवळच्या खाजगी दवाखान्यात नेले. बाई वाचली. पण बिलांचा अर्ज गेला सातव्या महिन्यात, आणि मुदत सहा महिन्यांची. 'मुदतबाह्य' असा शेरा मारून अर्ज परत! इतके महिने काय केलेस, असे मी विचारले. तातडीच्या उपचाराचा दाखला मिळवण्यासाठी हेलपाटे घालत होता बिचारा.

आपली माणसेही चुकतात, हे लपवण्यात अर्थ नाही. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले, तातडीचा दाखला, स्टेंट बसवला असेल तर त्याचे स्टिकर, हे सारे दवाखान्यातून निघतानाच मागून घ्या. नंतर तो डॉक्टर भेटत नाही. एखादा कागद राहिला तरी अर्ज मुदतीत द्या आणि कागद मागाहून देतो असे त्यात लिहा. उशीर झालाच तर कारण लेखी द्या. शिक्का व आवक क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पण घड्याळ एकट्या कामगाराच्याच हाताला का? विमा नियामक प्राधिकरणाने २९ मे २०२४ रोजी विमा कंपन्यांना बजावले की, कॅशलेसच्या अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्या. उशिराचा जादा खर्च कंपनीने सोसायचा. टाळता न येणाऱ्या कारणाने उशीर झाला तर केवळ तेवढ्यावरून दावा नाकारू नका, हे तर २०११ सालीच सांगितलेले आहे. शिवकांत झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये पेन्शनरांचे वैद्यकीय दावे ७ दिवसांत निकालात काढणारी समिती नेमण्यास सांगितले. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला जे जमते, ते सरकारी टेबलाला का जमू नये?

पूर्वी जबलपूर मध्य रेल्वेत होते, फाईल मुंबईला गेली म्हणून आम्ही गप्प बसत असू. १ एप्रिल २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय इथेच आहे. आता ती सबब चालणार नाही.

आमची मागणी अशी की, दाव्यावर एक महिन्यात लेखी निर्णय मिळावा, सर्व हरकती एकदाच कळवाव्यात (आज एक, पुढच्या महिन्यात दुसरी, असे नको), आणि दाखल्यासाठी गेलेले दिवस कामगाराच्या मुदतीतून वगळावेत. टपाल खात्यातील बंधूंनीही आपल्या युनियनमार्फत हीच मागणी लावून धरावी.

पुढच्या पी. एन. एम. बैठकीत हा विषय मांडणार आहोत. ज्यांचे दावे अडकले आहेत त्यांनी पोचेची झेरॉक्स शाखा कार्यालयात आणून द्यावी.